बोटभर सैल

॥ श्री ॥
गुलमर्ग,
ता. २६ डिसेंबर १९५३

ती. आक्कास,
बंडूचा शि. सा. न. वि. वि.

परवा इथं येऊन पोचलो. टांगमर्गपर्यंत मोटार, तिथून वर चालत. दोन वर्षांच्या लष्करी नोकरीत ऊन, धूळ, चिखल सगळं पाहिलं, पण एवढं पांढरं कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा बर्फ ओंजळीत घेतला तेव्हा काय आठवलं सांगू? गंगावेशीत आपल्यासमोर म्हैस पिळून पेला हातात देतात, ते फेसाचं दूध. दिसायला तसंच, फक्त ऊब तेवढी नाही.

आमच्या पलटणीतून चौघांना बर्फावरून घसरत उतरायची विद्या शिकायला पाठवलं आहे. हसू नकोस. पायाला दोन लांबलचक फळ्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि डोंगर उतरायचा. त्या फळ्यांना स्की म्हणतात. दोन महिन्यांत जो उत्तम उतरेल त्याला शिक्षक म्हणून इथंच ठेवून घेणार आहेत. आक्का, मला ते हवं आहे. घरात अण्णा मास्तर, तू मास्तरीण, आणि मी तिसऱ्या खेपेस मॅट्रिक झालेला. मलाही कुणीतरी मास्तर म्हणावं असं फार वाटतं.

तूर्त साध्या बुटांवर बर्फात चालायचा सराव चालू आहे. पंधरा तारखेनंतर ज्यानं त्यानं सामानखोलीतून आपापलं सामान निवडायचं. फळ्या आणि काठ्या नशिबावर सोडतो, पण बुटांचं काय करू? इतके जाड कातड्याचे बूट मी जन्मात घातले नाहीत, आणि पलटणीचे बूट सोडले तर माझ्या पायातलं आजवर सगळं तूच घेतलं आहेस. तेव्हा उलट टपाली लिही.

अण्णांना साष्टांग नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा, इथल्या थंडीत त्याचाच आधार.

तुझा,
बंडू

॥ श्री ॥
कोल्हापूर,
ता. ५ जानेवारी १९५४

चि. बंडूस,
आक्काचे अ. उ. आ.

शाळेतून आले तर दारात तुझं पत्र. उभ्यानंच वाचलं, मग अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, की आमचं हे शेंडेफळ आधीच एका जागी ठरत नव्हतं, त्यात सरकारनं त्याच्या पायाला फळ्या बांधल्या. असं म्हणून अर्धा तास नकाशात गुलमर्ग शोधत बसले. सापडलं तेव्हा त्यावर बोट ठेवून मला हाक मारली.

आता बुटांचं. कातडं ते कातडं, कोल्हापुरातलं काय नि काश्मिरातलं काय. घट्ट घे. पायात घातल्याबरोबर हायसं वाटलं, तर तो बूट तुझा नाही असं समज. तेल पाजलं की आठ दिवसांत कातडं पायाला जागा करून देतं. आज सैल घेतलास तर महिन्यानं त्याची होडी होईल आणि ऐन उतारावर पाय आत हिंदकळत राहील. कुणी काही सांगो, तू कोल्हापूरचा आहेस, चामड्यातलं तुला काय शिकवणार ते?

तुझी पहिली चप्पल आठवते? आई गेली त्या वर्षीची. तू सहा वर्षांचा, मी सतराची. गुंडूच्या बापाकडून कानाची चप्पल करून घेतली होती. ती अशी करकर वाजायची, की महाद्वार रोडवर माणसं वळून बघत होती आणि तू छाती काढून चालला होतास. सैल व्हावी म्हणून मी तुला रंकाळ्यावर नेलं. काठानं तीन वेळा संध्यामठापर्यंत जाऊन आलास, तोंडातून चकार शब्द नाही. निघताना बघते तर अंगठ्याजवळ रक्त. चावत होती तर बोलला का नाहीस विचारलं, तर म्हणालास, की तू एवढ्या हौसेनं घेतलीस, मग कसं सांगू. पाठकुळी घेऊन घरी आणलं तुला. चपला तू माझ्या गळ्यापुढं दोन्ही हातांत धरल्या होत्यास, नव्या कातड्याचा वास मला अजून येतो. पण आठ दिवसांनी तीच चप्पल लोण्यासारखी झाली की नाही?

कुरुंदवाडची मंडळी येऊन गेली. नंदिनीच्या वडिलांना मे महिन्यातला मुहूर्त पसंत आहे. मुलगी मोकळी आहे, लाजण्यात वेळ घालवत नाही. तुझं अक्षर बघून म्हणाली, की हे मास्तरांच्या घरातलं वाटत नाही. मला आवडली.

जिवाला जप. पत्राला उशीर केलास तर लोभात तेवढी कपात होईल.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
गुलमर्ग,
ता. २१ जानेवारी १९५४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. सामान निवडून झालं. इथला सामानखोलीचा हवालदार गढवालचा, मिशा पिकलेल्या, बर्फातच जन्मलेला माणूस. फळी कशी निवडायची ते त्यानं शिकवलं. हात सरळ वर करायचा, शेजारी फळी उभी करायची, टोक मनगटाला लागलं तर ती आपली. मग ती आडवी धरून, एक डोळा मिटून बघायचं, लाकूड कुठं पिळलेलं तर नाही. दोन्ही फळ्या पोटाशी पोट लावून धरल्या, की मधे थोडी फट राहिली पाहिजे. काठी काखेत बसेल एवढी उंच. फळीच्या तळाला मेण घासायचं, ते काम मला फार आवडलं. अण्णा शिसवी देव्हाऱ्याला दिवाळीत घासत बसतात तसं.

बुटांपाशी मात्र आमचं जमलं नाही. तो म्हणाला, दोन जाड मोजे चढव, आत बोटं हलली पाहिजेत असा बूट घे. मी एकच मोजा चढवला आणि एक माप कमी घेतलं. बोटं हलतात का विचारलं, तर हो म्हणून सांगितलं. हलत नव्हती. त्याला काय ठाऊक, मी कुणाच्या हाताखाली तयार झालो आहे ते. तू सांगितलंस तसे घट्टच घेतले आहेत, रोज तेल पाजतो. चावतात चांगले. चावले, की रंकाळा आठवतो.

पहिल्या दिवशी एकोणीस वेळा पडलो, काल चार वेळा. शिक्षक म्हणाले, की चौघांत तूच उताराला घाबरत नाहीस. नंदिनीला सांग, अक्षर सुधारतो आहे.

लोभाची कपात करू नये, उशीर टपालाचा असतो.

तुझा,
बंडू

॥ श्री ॥
श्रीनगर,
ता. २४ फेब्रुवारी १९५४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता बदललेला बघून घाबरू नकोस. खोकला झाला म्हणून थोडे दिवस इथल्या दवाखान्यात ठेवलं आहे. खायला प्यायला उत्तम. खिडकीतून चिनारची झाडं दिसतात, एकावरही पान नाही. पडल्या पडल्या कळंब्याच्या तळ्यावर खाल्लेल्या हुरड्याची आठवण येते. शिकवणी संपली. शिक्षकाच्या जागेवर दुसऱ्या एकाची निवड झाली, चांगला मुलगा आहे. अण्णांना खोकल्याचं सांगू नकोस. अधिक काय लिहू, लोभात ठेवावं.

तुझा,
बंडू

॥ श्री ॥
कोल्हापूर,
ता. ७ मार्च १९५४

चि. बंडूस,
अ. उ. आ.

जागा गेली त्याचं वाईट वाटलं. तुला किती हवी होती हे मला माहीत आहे, म्हणून उगीच समजूत घालत नाही. खोकल्यावर अडुळसा पाठवला असता, पण तुमचे डॉक्टर हसतील.

लग्नासाठी तुझी चप्पल गुंडूकडे टाकते आहे. बापापेक्षा त्याचा हात सुबक आहे. पांढऱ्या वेणीची, कानाची, वाजणारी. दोन वर्षांत पाय वाढला असेल, तेव्हा कागदावर उभा राहून दोन्ही पायांची आखणी करून पाठव. पेन्सिल सरळ धर.

तुझ्या पत्रात या खेपेस बुटांचा उल्लेख नाही. झाले का सैल?

पत्राची वाट बघायला लावू नकोस, लोभालाही धीर असतो तेवढाच.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
श्रीनगर,
ता. १७ मार्च १९५४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत उजव्या पायाची आखणी आहे. डावा तसाच आहे, कागद पुरला नाही. खरं तर चप्पल नकोच, लग्नात बूट घालीन म्हणतो. लष्करातल्या माणसाला तेच शोभतं. खोकला बरा आहे. तुझा लोभ पुष्कळ आहे, त्यात भर नको.

तुझा,
बंडू

॥ श्री ॥
कोल्हापूर,
ता. २६ मार्च १९५४

चि. बंडूस,
अ. उ. आ.

कागद घेऊन गुंडूकडे गेले होते. त्यानं तो उलटा सुलटा केला आणि विचारलं, दुसरा कुठं हाय? तसाच आहे म्हटल्यावर हातातलं काम खाली ठेवून म्हणाला, आक्का, उजव्याचं माप डाव्याला चालत न्हाय. देवानं कुणाचंच दोन पाय सारखं केलं न्हाईत की. पावण्यांनी डावा पाय का दिला न्हाय, त्ये आधी इचारा.

तेव्हा विचारते आहे. कागद पुरला नाही म्हणतोस, आणि पत्राला दोन कोरे कागद जोडलेले आहेत. चप्पल नको म्हणतोस, तू, जो उशाशी चप्पल घेऊन झोपायचास. घरी येऊन मी तुझं जानेवारीतलं पत्र काढलं आणि दोनदा वाचलं. बंडू, मला आता काहीतरी कळतंय आणि ते खोटं निघावं म्हणून मी अंबाबाईला जाऊन आले.

डावा पाय कागदावर ठेव आणि पाठव. जसा असेल तसा.

आक्का

॥ श्री ॥
श्रीनगर,
ता. ५ एप्रिल १९५४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत डावा पाय. अंगठा नाही आणि शेजारचं बोट अर्धं आहे. जखम भरली. चालतो, थोडा तिरपा.

झालं ते असं. फेब्रुवारीच्या दहा तारखेला शेवटची परीक्षा होती. पहाटे निघून वरच्या डोंगरावर चढायचं आणि दुपारी उतरायचं. चढताना डावा पाय फार चावत होता, दातावर दात धरून चाललो. मग वर पोचता पोचता दुखणं थांबलं. अगदी थांबलं. मला वाटलं, झाले सैल. आक्काचं खरं ठरलं म्हणून मी मनाशी हसलो, खरंच हसलो. आणि जो उतरलो म्हणतेस, आयुष्यात तसा कधी उतरणार नाही. एकदाही पडलो नाही. सगळ्यांत आधी खाली आलो. बूट काढला तेव्हा बोटं मेणासारखी पांढरी होती. मी चिमटा काढला, तर कळेना.

यात तुझा दोष काडीचाही नाही. तुझा सल्ला कोल्हापूरच्या उन्हातल्या पायाला होता. बर्फात पायाला रक्त खेळायला जागा लागते, हे त्या हवालदारानं मला सांगितलं होतं आणि मी त्याला खोटं बोललो. एवढे दिवस तुलाही बोललो. तू एवढ्या हौसेनं लिहिलं होतंस, मग कसं सांगू, असंच वाटलं. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून मी काही शिकलो नाही बघ.

पलटणीतून काढलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या हवालदाराच्या हाताखाली सामानखोलीत काम दिलं आहे. नव्या मुलांना बूट बसवून द्यायचे. तो दवाखान्यात येऊन गेला तेव्हा म्हणाला, की आता तुझ्याइतकं पटवून कुणाला सांगता येणार नाही, मास्तर.

नंदिनीला तू सांग. ती नाही म्हणाली तरी मी समजेन. आणि चपलेचं खरंच राहू दे. चपलेच्या अंगठ्यात अडकवायला पायाचा अंगठाच नाही, पायातून निघून जाईल.

लोभ कमी केलास तर तो तुझा हक्क आहे, पण स्वतःवर रागावू नकोस.

तुझा,
बंडू

॥ श्री ॥
कोल्हापूर,
ता. १६ एप्रिल १९५४

चि. बंडूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

दोन दिवस शाळेत गेले नाही. दोष नाही म्हणतोस, पण मी मुलांना शिकवते, चूक कुणाची ते मला मोजता येतं. जिथं मी कधी गेले नाही तिथल्या गोष्टीत मी ठासून बोलले, आणि तू माझं ऐकलंस. हे मी विसरणार नाही, तू विसर म्हणालास तरी. अण्णांना सांगितलं. त्यांनी नकाशा काढला, गुलमर्गावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसेच बसले.

कुरुंदवाडला मी स्वतः गेले. नंदिनीनं सगळं ऐकून घेतलं. वडील बोलायच्या आत म्हणाली, की सप्तपदीत उजवं पाऊल पुढं टाकतात, ते तर धड आहे ना? मग मुहूर्त कशाला बदलायचा. जेवायला बसल्यावर मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. तेव्हा मे महिन्याची सात तारीख नक्की.

मग दोन्ही कागद घेऊन गुंडूकडे गेले. त्यानं डावा कागद मांडीवर ठेवला, त्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी या म्हणाला. डाव्या चपलेला त्यानं अंगठा ठेवलाच नाही. वरचा पट्टा रुंद केला आणि टाचेमागून एक वादी घेतली, पाय निसटायचा नाही. उजवीलाही अंगठा दिसेना, म्हणून मी विचारलं. म्हणाला, जोड हाय आक्का, एकीत एक आन् दुसरीत एक, असं कसं करायचं? म्हणजे आता कुणी बघितलं, तर ही नव्या तऱ्हेचीच चप्पल वाटेल. परवा एकानं तशीच करून मागितली म्हणे.

मी त्याला एकच सांगितलं, बोटभर सैल कर. तो भडकला. म्हणाला, आठ दिसांत होडी हुईल की तिची, एवढी वर्सं तुम्हीच मला घट्ट कर म्हनून सांगत आलाय. मी म्हटलं, होऊ दे होडी. या घरात पहिल्यांदा सैल चप्पल आली आहे, बंडू. उंबऱ्याशी ठेवली आहे. येता जाता मीच पाय घालून बघते, वाजते छान.

तू आलास, की रंकाळ्यावर जाऊ. तीन फेऱ्या नकोत, संध्यामठापर्यंत जाऊन परत. या वेळी चावली, तर पहिल्या पावलाला सांग. पाठीवर घ्यायला मी अजून थकलेली नाही.

तुझी,
आक्का