कालव्याच्या पाळीवर

प्रिय रंजू,

तुझा फोन कालव्यात गेला आणि काकूंच्या फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून हाताने लिहितेय. श्यामरावकाका तुमच्याकडे सानगडीच्या बाजाराला निघालेत, त्यांच्याजवळ देईन. पाय कसा आहे? रॉड टाकला तिथं अजून ठणकतं का?

होस्टेलात सगळं तसंच आहे. तुझ्या पलंगावर अजून कोणी आलेलं नाही. मेसच्या जनाबाई रोज तुझी खबर विचारतात. प्रॅक्टिकल सुरू झालेत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते, सर विचारतात काय दिसलं, आणि मला खरंच काही दिसलेलं नसतं.

कॉलेजात सगळे एकच विचारतात, काहून केलं तिनं असं? कोणाशी तुटलं का, घरी काही झालं का. मोटारसायकल ईश्वरची होती, म्हणून प्राचार्यांनी त्याला बोलावलं. तो म्हणाला, "सर, आमी सगळेच करत होतो." खरंच आहे ते. कालव्याच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, डोळे मिटून गाडी पळवायची, जो जास्त वेळ मिटून ठेवेल तो जिंकला. जिंकून मिळायचं काही नाही. तू एकदा म्हणालीस, "डोळे मिटले का मले मी आहो असं वाटते. बाकी दिवसभर वाटत नाही." मी हसले, कारण मीही तेच म्हणणार होते.

घरच्यांचं काही चुकलेलं नाही गं. माझे बाबा आंधळगावहून फोन करतात, धान कापून थकलेले असतात, तरी विचारतात, जेवली का, पुढं काय करतेस. जेवले, बँकेची परीक्षा देते, असं मी सांगते. शब्द माझ्याच तोंडून निघतात, पण दुसऱ्याच कोणाचे वाटतात.

त्या दिवशी वळण आलं तरी तू डोळे उघडले नाहीस. गाडी पाण्यात गेली तेव्हा बाकीचे ओरडत धावले. मी चालत गेले. दवाखान्यात तुझे बाबा, मुरारीकाका, आले ते मासेमारी सोडून तलावावरूनच, ओल्या कपड्यांनी. रागावले नाहीत. "पोहता येत होतं म्हून निघाली बाहेर," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. काकू तुझ्या केसांतला चिखल बोटांनी काढत होत्या. आता मला रडू येईल म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. नाही आलं.

शुक्रवारी दुपारी मी आपल्यातल्या टिकारामची गाडी मागून घेतली आणि एकटीच पाळीवर गेले. डोळे मिटले. या वेळी काहीच वाटलं नाही. भीती नाही, मी आहे असंही नाही. मग मी गाडी थांबवली आणि कॉलेजपर्यंत ढकलत आणली. पुन्हा चालू केली तर काय करेन, याचा माझा मलाच भरवसा नव्हता.

सोमवारी पाय दाखवायला तुला भंडाऱ्याला आणतात असं काकू म्हणाल्या. त्याच दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाई बसतात, मी विचारून आले. मी फाटकाजवळ थांबते. आपण दोघी आत जाऊ. आधी तू बोल नाहीतर मी बोलेन. एकटी गेले तर दारातून परत फिरेन, म्हणून लिहिलं. कुबड्या घेऊन का होईना, ये.

तुझीच,
तृप्ती