साहेबांच्या दाराची रुंदी

तीर्थरूप दाजी,

दुहेरी भिंतींची एक उबदार खोली (सहा फूट बाय पाच, भिंतींच्या पोटात भुसा), तिचं एकही खिळा न वापरता केलेलं दार, तिच्यातली तापणारी लोखंडी पाटी, ती पाटी हवी तेवढीच तापू देणारं स्विचचं यंत्र, जमिनीलगतचा वजनकाटा, चार चाकांची ठेंगणी गाडी आणि तिच्यावर चढवायचा एक उतरता फळा, इतक्या वस्तू कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता स्वतःच्या हातांनी घडवणाऱ्या तुमच्या मेव्हण्याचा तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. ताईचा गुडघा आता जिना मानतो का? तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल तर हे पत्र तुम्हीच वाचा. ताईच्या हातात देऊ नका, ती मधलं सगळं गाळून शेवट आधी वाचते. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे. वरच्या यादीतल्या पहिल्या चार वस्तू गेल्या मंगळवारी दुपारी पावणेतीन ते सव्वातीनच्या दरम्यान संपल्या, एवढं सोडलं तर आम्ही मजेतच आहोत.

या सगळ्या वस्तू साहेबांसाठी होत्या. (बावीस वर्षांपूर्वी तुम्ही भाचीसाठी कासवाचं पिल्लू आणलंत, ताईने ते उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, आणि तुम्ही साबणाच्या डबीत घालून "दोन महिने ठेव, मग नेतो" म्हणून माझ्या हातात दिलंत, ते. दोन महिन्यांचा विषय मी कधी काढला नाही, आताही काढत नाही.) त्या डबीत मावणारे साहेब आज एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम आहेत. साहेब हे नाव हिने ठेवलं. सावकाश येतात, कोणाकडे बघत नाहीत, आणि आले की सगळ्यांनी उठून जागा करून द्यायची. तेव्हा मला वाटलं होतं की कासव म्हणजे बिनखर्चाचं जनावर. भुंकत नाही, केस गाळत नाही, कोणाला चावलं तर त्या माणसाला पळून जायला भरपूर वेळ असतो. पण दाजी, कासवाचा खर्च कासवाच्याच चालीने येतो. येताना दिसत नाही, आणि थांबतही नाही. आधी एक पान, मग जुडी, मग रोजचा साडेचार किलो पाला आणि वर सुकं गवत. मग थंडीत ऊब, म्हणून वीज. मग पाठीच्या कवचाला चीर गेली म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई, त्यांचा एक्स-रे, आणि एक्स-रेच्या टेबलावर साहेबांना चढवायला चार माणसं, त्या माणसांना वर काहीतरी. हिची फुलझाडं पहिल्या तीन वर्षांत संपली. आणि बावीस वर्षांत आम्ही दोघं एकत्र एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिलो नाही. भाचीच्या लग्नाला ही सकाळी आली आणि मी संध्याकाळी, ते तुम्हाला आठवत असेल. ताईला अजून वाटतं की त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. भांडण नव्हतं. साहेबांना एकटं ठेवता येत नव्हतं.

आता दाराबद्दल नीट लिहायला हवं, कारण सध्या ज्याला त्याला तेच माझ्या तोंडावर मारायचंय. सहा वर्षांपूर्वी खोली बांधली तेव्हा साहेबांची रुंदी सोळा इंच दोन सूत होती. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुम्ही आयुष्यभर जमिनी मोजल्यात, तुम्हाला सांगायला नको, पण तुमचे जावई वाचतील तर त्यांच्यासाठी.) दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे सोडून मी दार वीस इंच दोन सूत केलं. मोठं केलं तर ऊब बाहेर जाते. लाकडात लाकूड असं गुंतवून सांधे केले की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. गल्लीच्या टोकाचा सुतार (घरात तीन पिढ्या रंधा, म्हणून याला वाटतं लाकूड याच्याशीच बोलतं) बघायला आला होता. सांध्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट मला म्हणाला, "आजच्या अंगाचं माप घेतोस. उद्याचं अंग कुठून जाणार?" मी त्याला सांगितलं की मी आजवर कोणाकडून काही शिकलेलो नाही आणि आता सुरुवात करायचा विचार नाही. त्यानंतर सहा वर्षं आमचं बोलणं बंद. गेल्या वर्षापासून चौकटीचा रंग दोन्ही बाजूंनी घासला जायला लागला. ही म्हणाली, साहेब वाढलेत. मी म्हणालो, लाकूड फुगलंय. (लाकूड फुगतं. पुस्तकात आहे.) आणि चौकटीला मेण लावलं. या थंडीत ते दर आठवड्याला लावावं लागत होतं, आणि तरी माझा राग लाकडावरच होता.

मंगळवारी मी दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटरीत नवी तार भरत होतो. वेढे मोजत होतो, म्हणून मान वर केली नाही. ही दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली, माझे मोजायचे वेढे संपेपर्यंत थांबली (तीस वर्षांची सवय), आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "साहेब दारात अडकलेत. मागून धूर येतोय."

मागच्या अंगणात गेलो तर साहेब अर्धे बाहेर, अर्धे आत, बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसे. पुढचे दोन पाय मातीत रुतवून रेटत होते, आणि त्यांची पाठ आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून पिवळट धूर. जळालेल्या तारेचा वास मला ओळखायला शिकवावा लागत नाही. माझं पोट त्याच्यावर चालतं. स्विचचं यंत्र जळालं होतं, पाटी तापतच चालली होती आणि तिच्याशेजारी तीन पोती सुकं गवत. ही म्हणाली, मेन स्विच बंद करा. दाजी, इथे मला माझंच कसब आडवं आलं. घरातला फ्यूज उडाला तरी साहेबांना थंडी वाजू नये म्हणून त्यांची लाइन मी मेन स्विचच्या अलीकडून, थेट मीटरपासून वेगळी ओढली होती. तिचं बटण खोलीच्या आतल्या भिंतीवर. आत जायचा रस्ता एकच, आणि त्यात साहेब. खिडकी नाही, मुंगी शिरेल एवढी फट नाही (हे मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो). तार कापावी तर ती भिंतीच्या पोटात पाइपातून नेलेली, कुठून गेली याचा मागमूस राहू नये इतकी सफाईने. मला स्वतःला ती सापडेना. वीज ऑफिसला फोन केला. तिकडचा म्हणाला, येईल कोणीतरी, तासाभरात.

मी हातोडा घेतला आणि माझी चौकट फोडायला लागलो. पहिल्या घावाला हातोडा उसळून परत आला. दुसऱ्याला, तिसऱ्याला, तेच. खिळे असते तर उपटून काढले असते, सांधा हलेना. मी दहा-बारा घाव घातले असतील (अकरा, हिने मोजले), आणि प्रत्येक घावाबरोबर साहेब फुस्स करून मान आत ओढत होते आणि आणखी घट्ट होत होते. धूर आता पिवळा नव्हता, काळा होता. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती की या जनावराला शंभर वर्षं टिकायचं होतं, आणि मी त्याला माझ्या हाताने नेमक्या मापाची शवपेटी करून दिली.

सुताराला हिने केव्हा हाक मारली ते मला कळलं नाही. तो करवत घेऊन आला, माझ्याकडे न बघता गुडघ्यावर बसला आणि उजव्या बाजूचा खांब वरून आणि खालून कापायला लागला. चार मिनिटं. मी साहेबांच्या कवचावर ओल्या गोणपाटाने पाणी पिळत होतो, ही त्यांच्या तोंडासमोर हिरवं पान धरून बसली होती. खांब निघाला तसा मी पोटाखालून मोटरीचा रुंद पट्टा घातला, एक टोक सुताराकडे, एक माझ्याकडे, आणि एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम आम्ही हिसका मारून बाहेर ओढले. मी आत गेलो, बटण दाबलं, बाहेर आलो. त्याच क्षणी मागे गवताने पेट घेतला. खोली वीस मिनिटांत गेली. साहेब तोवर अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन हिने धरलेलं पान खात होते, जणू सही करून मोकळे झाले. सुतार निघताना मी कापलेल्या खांबाच्या टोकाला राहिलेला सांधा त्याला दाखवला. त्याने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "जोड सापडत नाही." सहा वर्षांनी. मग जाता जाता माझ्या खिशातली टेप काढून त्याने साहेबांना मापलं, आकडा मला दाखवला आणि गेला. वीस इंच तीन सूत. एका सुताने, दाजी.

(पट्टा ओढताना छातीत डावीकडे, गळ्याच्या हाडाच्या चार बोटं खाली, काहीतरी आवळल्यासारखं झालं होतं. गॅस असेल म्हणून मी बोललो नाही. ही बोलली. तपासण्या झाल्या आहेत.)

थोरली शनिवारी आली. ती बँकेत कर्जांकडे आहे, म्हणजे लोकांची पुढची वीस वर्षं कागदावर मांडणं हाच तिचा धंदा. येताना साहेबांचा तक्ता करून आणला होता. डॉक्टरीणबाईंनी शंभरी सहज सांगितली आहे, तेव्हा अजून अठ्ठ्याहत्तर वर्षं, म्हणून अठ्ठ्याहत्तर ओळी. पाला, गवत, वीज, डॉक्टर, दर दहा वर्षांनी नवं दार. मी पाल्याच्या भावात दोन चुका काढल्या आणि विजेत एक. तिने मुकाट्याने सुधारल्या. मग मला शेवटचा रकाना दिसला. त्याला मथळा होता: कोण. पहिल्या एकवीस ओळींत "बाबा" लिहिलं होतं. बाकी सगळा तक्ता पेनाने, तेवढा तो शब्द पेन्सिलीने. बाविसाव्या ओळीपासून खाली रकाना कोरा. ती म्हणाली, "बाकी काहीही जमवता येईल, बाबा. हे सांगा." तिच्या दोन खोल्या चौथ्या मजल्यावर आहेत, तिला मी विचारू शकत नाही. मी तक्त्यात चौथी चूक शोधली. नव्हती.

तर हे असं आहे. बाकी विशेष काही नाही. भाचीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, ताईने जिन्यावर कठडा धरून चालावं.

तुमचा,
मेव्हणा

ता.क. तुमच्या मागच्या दाराची रुंदी मोजून कळवावी. चौकटीच्या आतून आतून, तीन ठिकाणी: वर, मध्ये आणि जमिनीलगत. त्यातली सर्वांत कमी ती धरावी. उंबरा असेल तर त्याची उंची. अंगणात ऊन सकाळचं येतं की दुपारचं, तेही.

दुसरा ता.क. छातीची शस्त्रक्रिया येत्या एकोणीस तारखेला आहे. डॉक्टर म्हणतात त्यानंतर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, कधीच नाही. त्यात साहेब बसत नाहीत. म्हणून सतरा तारखेपर्यंत माप आलं तर बरं. गाडी आणि फळा शाबूत आहेत, सोबत देईन. तुमचं वय एकाहत्तर आहे हे मला माहीत आहे (किलोंशी जुळतं, एवढंच). पण भाची शेजारीच राहते, कासव मूळ तिचं, आणि कोऱ्या रकान्यात मला पेनाने लिहायला एक नाव हवंय. मी हिला विचारलं होतं, साहेबांना धाडलं तर चालेल ना. ही म्हणाली, "मग मी उठून जागा कोणाला करून देऊ?" आणि आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, दाजींकडेच. दुसरीकडे नाही.

तिसरा ता.क. दुसरीकडे म्हणजे काय, तेही सांगून टाकतो, नाहीतर मागाहून कोणी म्हणेल की याला दुसरा मार्ग नव्हता म्हणून तुमच्या गळ्यात घातलं. आगीची बातमी ऐकून खाजगी प्राणीबागेचा एक मालक रविवारी आला होता. माणूस सभ्य, साहेबांना नमस्कारसुद्धा केला. पैसे रोख आणि गाडी त्याची. मी त्याला एवढंच विचारलं की तुमच्याकडच्या खोलीचं दार किती रुंद आहे. तो म्हणाला, "असेल दोन-अडीच फूट." दाजी, मी एका सुताने हे जनावर जाळलं असतं, आणि याच्या "असेल"मध्ये अर्धा फूट मावतो. आमच्या नात्यागोत्यात मोजल्याशिवाय आकडा न सांगणारे तुम्ही एकटे आहात, म्हणून हे पत्र. त्याला मी नाही म्हटलं. हिला रक्कम सांगितलेली नाही, तुम्हीही ताईला सांगू नका (ताई, तू हे आधीच वाचलं असशील तर गप्प बस). रक्कम तीन लाख चाळीस हजार. अंदाजे नाही, त्याने माझ्यासमोर मोजून टेबलावर ठेवली होती.