पेगीनचं वजन आणि हिकीचा चहा

टिपरेरी, मंगळवार

परमपूज्य ताईस,

धाकट्या डिंफनाचा, गुडघे धरलेत म्हणून, उभ्यानेच नमस्कार. (मठात सगळ्या तुला मदर बेनिग्नस म्हणतात, पण मी तुझ्या वेण्या ओढल्यात, तेव्हा माझ्यासाठी तू ताईच.) तुझा खोकला बसला का? बाकीच्या पाचजणी बऱ्या आहेत ना? सिस्टर कोलंबाला अजून ऐकू येत नसेल तर फारच छान.

मी इथे ठणठणीत आहे. फक्त एक खोटं बोलले, एका माणसाला फसवलं आणि रेसच्या मैदानावर कॉर्नेलियस भावोजींची अब्रू घालवली. सविस्तर सांगते, बस.

भावोजींची शर्यतीची कुत्री मी सांभाळते हे तुला पहिल्यापासून खटकतं. चारायचं, फिरवायचं, पाय चोळायचे मी. टोपी तिरकी घालून कठड्याशी उभं राहायचं त्यांनी. यंदाची पेगीन. काळीभोर, स्वभावाने गरीब, पण मागचा डावा घोटा वसंतापासून दुखतोय. भावोजी म्हणतात, ढोंग आहे. दोनदा शेवटची आली, तर म्हणाले, "वहिनी, तिसऱ्यांदा शेवटची आली की हिकीला बोलावतो." हिकीची एक व्हॅन आहे. हरणारी कुत्री तो घेऊन जातो. कुठे, ते कुणी विचारत नाही, आणि परत आलेली एकही कुत्री मी पाहिलेली नाही. गेल्या साली रूबीचा पट्टा मी स्वतः त्याच्या हातात दिला. ती बिचारी फिरायला निघाल्यासारखी शेपूट हलवत आत चढली. मी तोंड उघडलं नाही. ताई, याची मला अजून लाज वाटते.

तर या वेळी मी डोकं चालवलं. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचं वजन करतात. मागच्या खेपेपेक्षा फार फरक पडला की कुत्रं बाद. पळालीच नाही तर शेवटची येईलच कशी? दोन आठवडे मी पेगीनला लोणी थापलेला पाव, साय घातलेली लापशी आणि रविवारचं पुडिंग चारलं. (एकटीला जेवायला आवडत नाही तिला, म्हणून सोबत मीही जेवले.) काट्यावर चढवली तर मैदानावरच्या जनावरांच्या डॉक्टरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कागदावर फुली मारली.

भावोजी काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. पुढचे पंधरा दिवस पेगीन त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि कोबीच्या पाण्यावर वजन बरोब्बर उतरवलं. शनिवारी ती पळालीच. यांत्रिक ससा सुटला, पाच कुत्री त्याच्यामागे सुसाट, आणि आमच्या बाईसाहेबांना कठड्याशी उभी मी दिसले. माझ्या पर्समध्ये एक सॉसेज होतं. (सवयीने गं, मुद्दाम नाही. बरं, थोडं मुद्दाम.) ती मैदान आडवं कापून आली, कठडा ओलांडला आणि पर्समध्ये मुंडकं घालून जेवायला बसली. अख्खं गाव पोट धरून हसत होतं. फादरसुद्धा टोपीआड तोंड लपवून हसत होते. पंचांनी लिहून दिलं, ही कुत्री पाठलाग करत नाही, परत आणू नये. भावोजी एवढंच म्हणाले, "वहिनी, पार शोभा केलीत माझी. सोमवारी हिकी येईल."

काल आला, सोबत भावोजीही. मी पेगीनला स्वयंपाकघरातल्या बाकाखाली दडवलं, पुढे घोंगडी सोडली आणि सांगितलं की ती पळून गेली. वर चहा विचारला.

"नको बाई, निघतो."

"घोटभर घ्या की."

"नको, खरंच नको."

"मी ठेवलाच आहे आता."

"बरं, अर्धा कप."

आपल्याकडच्या अर्ध्या कपाचा अर्थ तुला सांगायला नको. तीन कप आणि निम्मा केक झाला. मधेच बाकाखाली पेगीनची शेपूट बादलीवर आपटायला लागली. आणि ताई, टेबलाशी बसलेले भावोजी खोकायला लागले. शेपूट वाजली की खोकायचे. हिकी म्हणाला, छातीला काहीतरी चोळा, आणि रिकाम्या हाताने गेला.

तो गेल्यावर भावोजी टोपी घालत म्हणाले, "ती मला दिसली तर नाइलाज होईल. शुक्रवारपर्यंत मी इकडे फिरकत नाही." डोळे पुसत होते. खोकल्याने, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्याजणींना माझा नमस्कार सांग. हे पत्र चुलीत घाल.

तुझी,
डिंफना

ता.क. तुमच्या मठाची बाग मोठी आहे, भिंत उंच आहे आणि सहाजणींत एक कुत्री कुणाला जड होणार नाही. गुरुवारी दुपारच्या बसने आम्ही दोघी येतो.

ता.क. २. तिच्या कानात नंबर गोंदलेला आहे, त्यावरून कुणीही ओळखेल. तुझं एखादं जुनं शिरोवस्त्र डोक्यावर बांधलं तर कान झाकतील. चेहरा तिचा तसाही तुमच्यातल्या निम्म्यांपेक्षा सात्त्विक आहे.

ता.क. ३. हिकी तिसरा कप पीत होता तेव्हा मी दूध आणायला म्हणून बाहेर गेले होते. व्हॅनमधून कुईकुई ऐकू येत होती. व्हॅनचं मागचं दार कसं उघडलं ते विचारू नकोस, मठात खोटं बोलायचं नाही असं तूच सांगतेस. गुरुवारी आम्ही चौघी येतोय.