आखाजीच्या घागरीचे पाणी आणि माझी गाडी

मी, जीवराम ओंकार झोपे, वय ७४ वर्षे, दीपनगर वीज केंद्राच्या भांडारातून निवृत्त, राहणार असोदा, ता. जि. जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण घरच्यांना शंका आहे. मला दडपण कोणाचे नाही. त्रास आहे, पण तो डिझेल गाडीचा.

१. असोद्याचे राहते घर व बँकेतील ठेवी माझी पत्नी मंजुळाबाई हिच्या. तिच्यानंतर मुलगा विक्रम व मुलगी उषा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. तोवर विक्रमने "आई, तुला एवढं कशाला लागतं?" असे विचारू नये.

२. शाळेतल्या कवितांची वही उषाला. चौथीत गुरुजींनी समुद्राची कविता शिकवली, ती मला अजून तोंडपाठ आहे. समुद्र मात्र मी पाहिलेला नाही, मंजुळाबाईनेही नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला ती कविता म्हणून दाखवली आणि समुद्र दाखवायचा शब्द दिला. पुढचे सगळे त्या शब्दापायी घडले.

३. पाने, जॅक व ग्रीसची पिचकारी विक्रमला. तेरा नंबरचा पाना शोधू नये, तो राहुड घाटात पडला. भांडारात तीस वर्षे मी नटबोल्ट मोजून दिले, पण नट किती आवळायचा हे कोणी शिकवले नाही. ऑइलचा बोल्ट तीनदा तुटला. डिझेल फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरायची. हातपंप मारून मारून अंगठा सुजायचा आणि गाडी नुसती खोकायची. जळगावचे पार्टवाले सुरेशचंद म्हणायचे, "नाना, इतक्या क्लिपा नेल्या तुम्ही, त्यात दुसरी गाडी बांधून झाली असती." त्यांना हसू येत होते. मला येत नव्हते.

४. गाडी. निवृत्तीनंतर, सन २००९ मध्ये, शाळेची जुनी डिझेल मिनीबस घेतली. बाके काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली. मंजुळाबाईने पडदे शिवले. सहा वेळा समुद्राकडे निघालो आणि सहाही वेळा चांदवडच्या अलीकडे, राहुड घाटात, रेडिएटर उकळला. एकदा त्या वाफेत उभा राहून मी कविता सुरू केली, तर ही म्हणाली, "कविता मंग म्हना, आधी पानी पाहा. तुमी मले समुद्र दाखवू राह्यले का राहुड घाट?"

दुसऱ्या खेपेला, अकरा वर्षांपूर्वी, गाडी टोचन करून धुळ्याला हिलाल मिस्त्रीकडे आणली. त्याने रेडिएटरमधले पाणी बोटाने जिभेला लावले. "नाना, हाई पानी कोठलं शे?"

मी अभिमानाने सांगितले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात. वडिलांची घागर मी त्यांनीच खोदलेल्या विहिरीच्या पाण्याने भरतो. वडील जन्मभर बैलगाडीपलीकडे कशात बसले नाहीत. म्हणून पूजा झाली की ते पाणी मी रेडिएटरमध्ये ओततो, म्हणजे तेही आपल्याबरोबर येतील. वर्षभर कमी पडले तर त्याच विहिरीचे.

हिलाल म्हणाला, "घागर पितरेस्ले ठेवा, गाडीले नको. त्या पानीमा खार शे. बठ्ठा पाइप चोंदाई जातीन."

"माझ्या बापाच्या पाण्याला खारट म्हणतो का?" असे ओरडून मी गाडी तशीच ओढून नेली. तेव्हापासून तिला मिस्त्रीचा हात लागू दिला नाही. सगळे मीच केले.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे सांगितले आणि विक्रमने भंगारवाला बोलावला. तो यायच्या आत मी रेडिएटर खोलला. आत चुन्याचा दगड झालेला, नळ्या बंद. अकरा वर्षे मी होजपाइप, पट्टे, क्लिपा बदलत बसलो, आणि हिलाल पहिल्या दिवशीच सांगून गेला होता. फार राग आला. विहिरीचा नाही, वडिलांचाही नाही.

सबब सदर गाडी माझ्या पश्चात हिलालला द्यावी. त्याने ती दुरुस्त करून मंजुळाबाईला समुद्र दाखवावा. मी माफी मागितल्याचे त्याला तेव्हा कळवावे.

(वरील तीन वाक्ये खोडली आहेत. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.)

खोडण्याचे कारण: मंजुळाबाईने मागे उभे राहून वाचले. "म्हंजे पांढऱ्या कपायानं समुद्र पाहू मी? अन् माफी मांगाले तुमाले मरा लागते?" असे म्हणून तिने फोन लावून माझ्या हातात दिला. "तुझं खरं होतं, आत दगड झालाय," एवढेच मी बोललो. हिलाल म्हणाला, "नाना, आते कशाले हात लावू नका. सोमवारले मी येसू. पानी मी भरसू." मी बरे म्हटले. तेवढेही जड गेले.

५. म्हणून सदर गाडी माझ्या मिळकतीतून वगळली आहे. विक्रमने भंगारवाल्याला परत पाठवावे आणि गाडी दुरुस्त झाली की आमच्याबरोबर समुद्राकडे निघावे. वाटेत मला काही झाले तर चांदवडला किंवा नाशकात, जिथे दवाखाना असेल तिथे, विक्रमसोबत उतरवावे. गाडी मागे फिरवू नये. मंजुळाबाई पुढच्या सीटवर बसेल, आणि हिलालने तिला समुद्रापर्यंत न्यावे.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

जीवराम ओंकार झोपे

साक्षीदार:
१. सुरेशचंद ओस्तवाल, जळगाव
२. बेबाबाई भंगाळे, शेजारीण, असोदा

ठिकाण: असोदा
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५