भजनाखालचा आवाज

५ जानेवारी २००२
पोचलो एकदाचा औंढ्याला. चंद्रपूरपासून एसटीनं कंबर मोडली, पण मन खूश आहे. सहावी नापासाला मशीनवर कोण बसवतं? वैजनाथ मालकांनी बसवलं. कॅसेटी भरायच्या, जीपवर वाजवायच्या जाहिराती रेकॉर्ड करायच्या. मागं रेकॉर्डिंगची कोठडी, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. आत बोंबललं तरी बाहेर ऐकू येत न्हाई, मालक हसून म्हणाले. मालकीणबाई मोहिनीवहिनींनी भाकर वाढली. म्हणाल्या, पोरा, तू तरी टिक. आधीचा गडी थावरा न सांगता पळाला म्हणे.

९ जानेवारी
इथं तीन हेडफोन आहेत. पहिला काळ्या रंगाचा, इथल्याच बाजारातून घेतलेला, नुसता धडधड, पिंपात डोकं घातल्यासारखा. दुसऱ्यात टाळ सुईसारखे टोचतात. तिसरा मालकांच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलेला. त्यात पेटीवरचं बोट उचललेलं कळतं, बुवांनी गिळलेला आवंढा कळतो. मालक काळाच लावतात. समदे सारखेच वाजतेत, उगं नखरे करू नको, म्हणाले.

१३ जानेवारी
बकरी दारात टेप चघळत होती. मालकांनी शटर ओढायचा गज तिच्या डोक्यात घातला. दोनदा. मग हात धुऊन मला चहा पाजला.

१६ जानेवारी
कुरुंद्याच्या मंडळाचं भजन जुन्या कॅसेटवर भरलंय. काळ्यात नुसतं भजन. दुसऱ्यात थोडी खरखर. दुबईवाल्यात मात्र भजनाखाली माणूस बोलतो! आपलं मशीन आधीचं नीट पुसत न्हाई. थावराच तो, जुन्या जाहिरातींत हाच आवाज आहे. खताची जाहिरात वाचून राहिला होता. मला मजा वाटली. धावत जाऊन मालकांच्या कानाला लावला, म्हटलं आता सांगा, सारखेच वाजतात का. ते बराच वेळ ऐकत बसले. मग कॅसेट खिशात घातली. कान लई तयार हाये तुझा, म्हणाले.

१७ जानेवारी
मालकांनी एवढं काय ऐकलं म्हणून त्याच कॅसेटवरून काढलेली दुसरी प्रत लावली. जाहिरात मधेच तुटते. मशीन चालूच राहिलं असेल. मालकांचा आवाज, माझ्या बायकोकडं काहून पाहतो रे म्हणून. थावरा म्हणतो, लेकराची शपथ मालक, पाया पडतो. मग गज. बकरीच्या वेळचाच आवाज. पण दोनदा न्हाई — थांबतच न्हाई. वर टाळ, गजर. खाली दात फरशीवर — घशात घरघर — मग ओढत नेल्याचं —

१८, सकाळ
पिशवी भरली. मालक दारात. एक जाहिरात घेऊ म्हणाले. मानगूट धरून कोठडीत फेकलं. ओठ फाटला. बाहेरून कडी. वही तेवढी खिशात राहिली.

बोंबललो. कोणी न्हाई.
माईक दाराला टेकवला, दुबईवाला कानात. वहिनीला माहेरी जा म्हणून राहिले. ती रडते, त्या पोराला सोडा म्हणते. थोबाडीत — परत —
वहिनीच्या चपला लांब गेल्या. शटर पडलं.

श्वास ऐकू येतो. माझा वाटला म्हणून रोखला.
तरी चालूच आहे. अगदी दाराला लागून. मालक पण कान लावून ऐकून राहि—