टिश्यूचा डबा

प्रिय आई,
तुझ्या हट्टी लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

समुपदेशक होऊन मी लोकांना बदलते म्हणजे नक्की करते काय, असं तू विचारलंस. अगं, काहीच नाही! ढकलून कोणी बदलत नाही. म्हणून मी सल्ला देत नाही; विचारते, ऐकते आणि तोंड मिटून वाट बघते. तुझ्या पोटी जन्मून मला हे जमतं, याचंच नवल!

परवा एक निवृत्त बसड्रायव्हर आले. त्यांचा भावाशी दोन वर्षं अबोला. मी गप्प, तेही गप्प. शेवटी त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुमचा आहे का कोणाशी अबोला?"

"इथे विषय तुमचा आहे," मी म्हटलं.

"म्हणजे आहे," ते म्हणाले आणि रडणाऱ्यांसाठी ठेवलेला टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मग तिथेच बसून त्यांनी भावाला फोन लावला.

"नुसतं ऐकण्यात कसलं आलंय काम?" असं बाबा म्हणाले आणि मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं, त्याला आठ महिने झाले. त्यांना यातलं काही सांगू नकोस. फक्त रविवारी सकाळी फोन त्यांच्या हाताशी ठेव.

आणि आई, तू मध्ये बोलू नकोस. नुसतं ऐक.

अख्खा डबा संपवलेली,
तुझी लेक