अकरा मिनिटांची गल्ली

प्रिय खुडबुड्या,

आशीर्वाद वगैरे आहेतच, पण आधी भांडून घेते. रविवारी तुझा फोन ठेवला तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. अक्षर गिचमिड आलंय, तेवढं चालवून घे.

तुझा 'दिवेवाला' हा खेळ हातातल्या छोट्या यंत्रावरच ठेवायचा की टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर न्यायचा, यावरून तुमच्या कंपनीत जुंपली आहे, हे कळलं. सगळे एका बाजूला आणि तू एकटा दुसऱ्या, हे काही नवीन नाही. लहानपणीही सगळ्यांना चहा हवा असला की तुला नेमकं सरबत हवं असायचं. पण तुमच्या भांडणात मला कशाला ओढतोस? जिथे तिथे तुझी एकच कहाणी. माझी ताई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते, ड्रायरमध्ये चादरींची एक खेप सुकायला अकरा मिनिटं लागतात, तेवढ्यात तिची एक गल्ली खेळून व्हावी म्हणून दिवेवाल्याची प्रत्येक गल्ली अकरा मिनिटांची. परवा आमच्या मुकादम बाईंनी तुझी ती मुलाखत सगळ्यांना दाखवली. आता मला जागेवर यायला जरा उशीर झाला की लोक विचारतात, गल्ली राहिली का?

खोटं नाही रे ते. पहिल्या भागाची कच्ची प्रत तू आणून दिलीस, तेव्हा मी गरम चादरींच्या गठ्ठ्यावर बसून खेळायचे. पडदा तळहाताएवढा, दिवेवाला म्हणजे जेमतेम सहा ठिपके. पण अंधार पडायच्या आत त्याने गल्लीतले सगळे दिवे लावले की माझा जीव भांड्यात पडायचा. घरी टीव्ही आधी सासूबाईंचा, मग तुझ्या भावोजींचा, मग लेकीचा. माझी पाळी येईपर्यंत मला झोप लागलेली असायची. खिशातलं ते यंत्र तेवढं माझं होतं. हा खेळ टीव्हीवर नेऊ नकोस असं तेव्हा मीच तुला बजावलं होतं आणि अगदी मनापासून बजावलं होतं.

पण त्याला बारा वर्षं झाली. सासूबाई गेल्या, लेक कमावती झाली, भावोजींना बातम्यांच्या पहिल्या पाच मिनिटांत डुलकी लागते. टीव्ही नुसता पडून असतो. तू मात्र मला अजून त्या गठ्ठ्यावरच बसवून ठेवलंयस. मला ड्रायरवरून काढून कपडे देण्या-घेण्याच्या खिडकीशी बसवलंय, त्यालाही दोन वर्षं झाली. हे मी सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस. फोनवर 'कशी आहेस' आणि 'कितव्या गल्लीत आहेस' यांच्यामध्ये तू श्वाससुद्धा घेत नाहीस.

रविवारीही तेच. वीस तारखेच्या बैठकीत तू माझं नाव पुढे करणार, जिच्यासाठी खेळ बनवला तिलाच तो टीव्हीवर नकोय असं सांगणार, आणि नाहीच ऐकलं तर राजीनामा देणार. वर मला म्हणालास, "ताई, तू फक्त नाही म्हण, बाकीचं मी बघतो." मी म्हटलं, नाही, टीव्हीवर नको. फोन ठेवला आणि स्वतःचाच संताप आला. चार दिवस घरात आदळआपट चाललीय माझी. शेवटी लेक म्हणाली, आई, मामाला खरं काय ते सांगून टाक.

तर ऐक. गेली तीन वर्षं मी दिवेवाला खेळलेले नाही. संधिवाताने दोन्ही अंगठे आखडलेत. ती बारकी बटणं दाबली की दोन मिनिटांत कळ खांद्यापर्यंत जाते. चौथा आणि पाचवा भाग लेक खेळली, मी शेजारी बसून नुसता बघितला. खेळातल्या पुलावरची ती चूक तिने पकडली होती, मी माझी म्हणून तुला सांगितली. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही, असं तू म्हणालास आणि मी गप्प ऐकून घेतलं. गल्ली संपली असं कळवलं की तुझा फोन यायचा, तासभर बोलायचास. मला खेळता येत नाही म्हटल्यावर तू कशासाठी फोन केला असतास, तेच मला सुचलं नाही. परवा लेकीच्या मैत्रिणीकडे टीव्हीच्या कन्सोलचं मोठं कंट्रोलर मांडीवर ठेवून बघितलं. त्याची बटणं तळव्याने दाबता येतात. गाड्यांचा कुठलासा खेळ होता, सगळ्यांत शेवटी आले, पण खेळले. तेव्हा बैठकीत तुला वाटेल ते भांड, नोकरी सोडायची तर स्वतःच्या मतासाठी सोड, माझ्या नावावर नको. मला विचारशील तर मला दिवेवाला टीव्हीवर हवाय. आणि वीस तारखेच्या आधी एकदा घरी येऊन जा. माझे हात बघ, मग काय ते बोल.

इतकी वर्षं तुला फसवणारी, तरी तुझीच,
ताई